गाव जिल्ह्याचं, पेठा राजाच्या

वाचकांचे प्रश्न : जुनी शहरं, जुने वाडे

मागच्या अंकात साताऱ्याच्या राजवाड्यावर मी थोडं लिहिलं होतं. जुन्या गावाच्या मध्यातून कचेऱ्या उठल्या की गावाची वर्दळ उठते आणि इमारतीही लवकर जातात, असं माझं म्हणणं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते. माझी सगळी नोकरी नगर भूमापन खात्यात झाली, त्यातली बरीचशी साताऱ्यात, आणि घर अजून व्यंकटपुरा पेठेत आहे. त्यामुळे उत्तरं साताऱ्याकडे झुकणार.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. कास आणि ठोसेघर पूर्वी पाहिलं आहे. आता फक्त सातारा शहरासाठी एक दिवस काढायचा आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, कंदी पेढे घ्या आणि पुढे निघा. गावात खरंच काही नाही का? (एक वाचक, अकोला)

पेढे घ्याच, पण निघायची घाई करू नका. सकाळी पोवई नाक्यावर उतरा आणि चालायला लागा. तिथून राजवाड्याकडे दोन रस्ते जातात. पाट्यांवर राजपथ आणि कर्मवीर पथ अशी नावं आहेत. सातारकर वरचा रस्ता आणि खालचा रस्ता म्हणतात. जाताना वरच्यानं जा, येताना खालच्यानं या. दोन्हींच्या मधले बोळ चढउताराचे आहेत. गुडघे साथ देत असतील तर एखाद्या बोळात शिरा. अख्खं गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर बसलंय, हे तिथे चढताना समजतं.

हा उतार लक्षात ठेवा, कारण साताऱ्याचं पाणी त्याच्यावर चालत आलंय. पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे कास. कासच्या तलावाचं पाणी उतारानंच गावाकडे येतं. गावातही तळी आणि हौद जागोजागी आहेत. महादरे तळं, मंगळवार तळं, मोती तळं, फुटका तलाव, पंचपाळी हौद. वाटेत लागतील तेवढी बघा. मोजणीला जायची तेव्हा जुन्या वाड्यात शिरलं की मी आधी हौद शोधायची. एकदा जोत्यालगत खणताना खापरी नळाचा तुकडा निघाला. त्याचा उतार आम्ही लेव्हलच्या यंत्रावर लावून पाहिला, तर आजही पाणी वाहील असा नेमका होता. पाया काढणाऱ्या गवंड्यानं तो फेकला नाही, पुसून कडेला ठेवला. असा माणूस त्या कामावर होता याचं मला अजून बरं वाटतं.

राजवाड्यापाशी वेळ काढा. जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतला. लगतचा नवा त्यांच्या भावाच्या, अप्पासाहेब महाराजांच्या काळात पुरा झाला. जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागलं, तेच पुढे प्रतापसिंह हायस्कूल झालं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजी आंबेडकरांनी आपल्या मुलाचं नाव इथे पहिली इंग्रजीत घातलं. शाळेच्या रजिस्टरात ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असं नोंदलेलं आहे. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई साताऱ्यातच वारल्या, त्यांचं स्मारक सदर बझारात आहे. अस्पृश्य म्हणून शाळेत वेगळं बसावं लागणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची वाट एका राजाच्या वाड्यातून गेली, आणि तो वाडा अजून उभा आहे. अकोल्याहून येऊन एवढं एकच पाहिलंत तरी येणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये प्रथम इथेच आणून मांडली होती. उन्हं उतरल्यावर चार भिंती. दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या स्त्रियांना पाहता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी ही जागा बांधून घेतली. आज ते १८५७ च्या वीरांचं स्मारक आहे. तिथून खाली पाहिलंत की सकाळी चाललेले दोन्ही रस्ते दिसतील. मग राजवाड्यासमोर गांधी मैदानावर खायच्या गाड्या लागलेल्या असतात, तिकडे जा.

प्रश्न : मी कराडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कराड साताऱ्यापेक्षा कितीतरी जुनं. मग जिल्ह्याचं ठिकाण सातारा कसं झालं? (एक विद्यार्थिनी, कराड)

वय काढलंस तर कराडच थोरलं, यात वाद नाही बाळा. आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी तुझ्या गावाशेजारीच आहेत. पण इंग्रजांनी जिल्हे पाडले तेव्हा आधीची सत्ता कुठे बसत होती ते पाहिलं.

ती साताऱ्यात बसत होती. औरंगजेबानं १७०० मध्ये अजिंक्यतारा घेतला, मराठ्यांनी तो परत मिळवला. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. मग त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याला शहर वसवलं, शाहूनगर. प्रत्यक्ष कारभार पेशव्यांबरोबर पुण्याला गेला, तरी पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहून यायची ती शेवटपर्यंत.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर ठेवलं, राज्य आखडलं आणि शेजारी आपला रेसिडेंट, म्हणजे देखरेखीचा इंग्रज अधिकारी, बसवला. एवढ्या जोखडातही महाराजांनी रस्ते केले, शाळा काढल्या, पाण्याची कामं केली. आजचं जुनं सातारा पुष्कळसं त्यांनी घडवलेलं आहे, आणि माझ्या मते हे शहर सर्वात जास्त देणं लागतं ते त्यांचं. १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला धाडलं. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे दारं ठोठावत राहिले. इकडे १८४८ मध्ये अप्पासाहेब महाराजही वारले. त्यांचा दत्तक डलहौसीनं मानला नाही आणि राज्य खालसा केलं. त्याच्या त्या धोरणाचा पहिला बळी सातारा. झाशी आणि नागपूर नंतरचे.

आता कलेक्टरच्या जागी स्वतःला ठेवून बघ. दफ्तरं साताऱ्यात, लिहिणारे कारकून साताऱ्यात, रस्ते येऊन मिळतात ते साताऱ्यात. तो कराडला कशाला जाईल? शिवाय अशा गावावर नजर ठेवणंही त्यांना भाग होतं. १८५७ मध्ये इथे उठावाची तयारी उघडकीला आली आणि गेंडामाळावर १७ जणांना मारलं. कुणाला फाशी दिली, कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा होता. तू साताऱ्याला येशील तेव्हा आधी गेंडामाळावर जा.

एक गोष्ट तुझ्या उपयोगाची : जिल्हा तेव्हा फार मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडत. १९४२ च्या प्रतिसरकारला म्हणूनच ‘साताऱ्याचं’ म्हणतात, जरी त्याची कितीतरी ठाणी आज सांगलीत आहेत. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. जुने कागद वाचताना हे ध्यानात ठेव, नाहीतर गावं सापडायची नाहीत.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये असतो. त्यानं लॉकहार्ट नावाचं गाव दाखवलं. लहानसंच, पण काउंटीचं मुख्य ठिकाण. मधोमध १८९४ सालची न्यायालयाची दगडी इमारत, वर घड्याळाचा मनोरा, चारी अंगांनी जुनी दुकानं आणि सगळी चालू! आपल्या जिल्ह्याच्या गावांचं असं का होत नाही? (एक वाचिका, सांगली)

ताई, तुम्ही फोटो पाठवलात तो मी मोठा करून पाहिला. सुंदर गाव आहे. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं असं एक ठिकाण. त्यांतली बरीचशी गावं रिकाम्या जमिनीवर आखली गेली, आणि आखतानाच मधला चौक न्यायालयासाठी सोडायची तिकडे चाल होती. आपली गावं आधी राजाची, देवाची, बाजाराची झाली. कलेक्टर मागाहून आला. त्यामुळे आपल्याकडे तो एक चौक सापडत नाही, पण साताऱ्यात राजवाडा आणि तुमच्या सांगलीत राजवाडा ते गणपती मंदिर हा पट्टा हेच काम करत आला. चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली, तेव्हापासून सारा राबता तिथलाच.

फरक पडतो तो पुढे. टेक्सास राज्यानं १९९९ मध्ये जुन्या न्यायालयांच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी काढला. काउंटीनं नीट आराखडा करून मागायचा, राज्यानं पैशाचा मोठा वाटा उचलायचा. दुरुस्ती झाली की कारभारानं पुन्हा त्याच इमारतीत बसायचं, हे मला त्यात सगळ्यात पटतं. आपल्याकडे इमारत आधी रिकामी होते, मग वर्षांनी कुणीतरी संग्रहालयाची घोषणा करतं.

सांगलीपुरतं मात्र मी हट्ट धरणार नाही. २००५ आणि २०१९ चे पूर तुम्ही पाहिलेत. कृष्णेचं पाणी जिथे चढतं तिथे जिल्ह्याची दफ्तरं ठेवा असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही; कचेऱ्या विजयनगरकडे उंचावर गेल्या ते ठीकच झालं. साताऱ्याला ती सबब नाही.

प्रश्न : तुमचं लिखाण वाचून राग आला. मी सातारकर आहे. राजवाडा ते मोती चौक गाडी काढणं म्हणजे शिक्षा. उरलेल्या कचेऱ्याही महामार्गाकडे न्याव्यात आणि पेठांना मोकळा श्वास घेऊ द्यावा. (एक वाचक, सातारा)

तुमचा राग मला समजतो, मीही त्याच रस्त्यानं भाजी आणते. पण गर्दी कुणाची आहे ते एकदा मोजून बघा. कामासाठी आलेला माणूस एस.टी.नं येतो आणि पायी फिरतो. रस्ता अडतो तो दुकानासमोर लावलेल्या चारचाकीनं आणि भर दुपारी माल उतरवणाऱ्या टेम्पोनं. ठोक मालाची गोदामं बाहेर न्या, माल रात्री उतरवा, मोती चौकाच्या आसपास गाड्या लावायला बंदी करा. माझी सही घ्या.

कामाला आलेल्या माणसाला मात्र बाहेर काढू नका. राजवाड्यात न्यायालय भरत होतं ते दिवस आठवा. जावळी, पाटण, माण, खटावकडची माणसं पहिल्या गाडीनं यायची. एक भाऊ आत तारखेला, दुसरा बाहेर झाडाखाली भाकरी सोडून बसलेला. अर्ज लिहिणारे, मुद्रांक विकणारे, टायपिंगवाले, चहावाले सगळे त्या आवारावर जगायचे. तारीख पडली की तोच माणूस मुलीच्या लग्नाची भांडी बघायला वरच्या रस्त्याला लागायचा, पोरांची पुस्तकं घ्यायचा, पेढे बांधून घ्यायचा. पेठेतलं दुकान असल्या गिऱ्हाइकावर तीन-तीन पिढ्या चाललं. न्यायालय हललं आणि ही साखळी तुटली. किती खानावळी आणि किती कापडदुकानं बंद झाली, ते राजवाड्याभोवती चक्कर मारलीत तर दिसेल.

इमारतीचं तर त्याहून सरळ आहे. माणूस ज्या छताखाली बसतो ते गळलं की त्याच दिवशी बोंब होते. कुलूप लागलेल्या दालनात पन्हाळ तुंबते, पाणी भिंतीत मुरतं, चुन्यात पिंपळ रुजतो, तुळईच्या टोकाला वाळवी लागते, आणि कळतं तेव्हा छताचा भाग खाली आलेला असतो. सागवान तुळई मधून कुजत नाही, ती भिंतीत रुतलेल्या टोकाला कुजते. वारा खेळता असला तर शंभर-दीडशे वर्षं टिकते. दारं-खिडक्या रोज उघडणारं कुणीतरी हवं, एवढंच तिचं मागणं.

म्हणून माझं म्हणणं : मोठ्या कचेऱ्या गेल्या त्या गेल्या. पण मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा, जन्म-मृत्यूचा दाखला, पाणीपट्टी, एखादी अभ्यासिका, मोडी शिकवण्याचे वर्ग अशी रोज माणूस येईल ती कामं दुरुस्त केलेल्या राजवाड्यात बसवा. याला उड्डाणपूल लागत नाही.

प्रश्न : आजोबांचा वाडा यादोगोपाळ पेठेत आहे. आम्ही सहा चुलत भावंडं वारस. बाकीच्यांना विकासकाला द्यायचा आहे, मला जड जातंय. काय करू? (एक वाचक, चिंचवड)

आधी एक सांगते, चुलत भावांना वाईट ठरवू नका. दर उन्हाळ्यात कौलं चाळून घेणं, पावसाळ्यात गळती शोधणं हे तिथे राहणाऱ्यानं केलेलं असतं, आणि चिंचवडहून ते होत नाही.

आता कागद. वाड्याची मिळकत पत्रिका काढा. धारक म्हणून अजून आजोबांचंच नाव असेल, बहुतेक ठिकाणी असतं, तर सगळ्यांच्या वारस नोंदी करून घ्या. बहिणी आणि आत्या सुटल्या नाहीत ना, ते बघा. माझ्या टेबलावर आलेली निम्मी भांडणं तिथेच सुरू झालेली असायची. नोंद होईपर्यंत कुठल्याही करारावर सही नको. नगर भूमापनाच्या वेळी मालकी-हक्कांची चौकशी जिच्यात लिहिली, त्या चौकशी नोंदवहीचा उताराही मागा. शेजाऱ्याची भिंत सामाईक आहे का, बोळातून जायचा हक्क कुणाचा, मोरीचं पाणी कुठे जातं, हे त्यातून कळायला मदत होते. मग मोजणी. पेठेतल्या भिंती सरळ नसतात, आणि पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र यांत फरक निघाला तर तो विकासक येण्याआधी माहीत असावा.

यानंतर, विकायचा असो वा ठेवायचा, वाड्याची नोंद करा. दिवाळीत सगळे जमाल तेव्हा दोन दिवस लागतील. दिंडी दरवाजापासून सुरुवात करा : देवडी, चौक, सोपा, माजघर, देवघर, बळद (धान्याची कोठी), पोटमाळा. प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे आणि छताचे फोटो घ्या. सोपा किती खणी आहे, म्हणजे खांबांमधले गाळे किती, ते लिहा आणि दोन खांबांमधलं अंतर मोजा. खांबांचं नक्षीकाम, कोनाडे, खुंट्या, हौद, जोत्याचे घडीव दगड काही सोडू नका. थोरल्या आत्या असतील तर त्यांना खुर्चीवर बसवून विचारा, बाळंतिणीची खोली कोणती, धान्य कुठे, पाणी कुठून यायचं, आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करा. माळ्यावर बासनं निघाली तर झटकू नका, उन्हात टाकू नका. कोरड्या सुती कापडात ठेवा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. त्यांत जमाखर्च निघेल, क्वचित सनदही. पुण्याच्या पुराभिलेखागारात शाहू दफ्तर आहे. तुमच्या घराण्याचं नाव तिथल्या कागदांशी जुळलं तर वाड्याचं वयही सापडू शकतं.

जुनं लाकूड घेणारे व्यापारी आधीच फेऱ्या मारत असतील. खांब आणि दरवाजा सुटा विकू नका. ते गेले की वाडा ठेवायचा विचारच संपतो, कारण मागे फक्त पांढऱ्या मातीच्या भिंती उरतात आणि त्या एका पावसाळ्यात बसतात.

आणि भावंडांपुढे एक तिसरा पर्याय मांडा. पुढचा चौक आणि दर्शनी भाग राखून मागच्या मोकळ्या परसात बांधकाम बसतं का, हे एखाद्या वास्तुविशारदाकडून कागदावर मांडून आणा. परस खोल असेल तर बसू शकतं. सहापैकी दोघंही तयार झाले तरी बोलणी बदलतात. हे करून पाहा, मग ठरवा.

प्रश्न : संगम माहुलीला खरंच कुत्र्याची समाधी आहे का? (एक वाचक, लातूर)

आहे. शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची. शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर महाराजांचीही समाधी आहे. दोन्ही बघा, आणि घाटावर बसायला वेळ ठेवा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

प्रश्न : साताऱ्याहून आणखी एक दिवस मिळाला तर वाई की औंध? (एक वाचिका, नाशिक)

वाईला सगळेच जातात, आणि ढोल्या गणपती व मेणवलीचा वाडा बघायलाच हवा. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगते : औंध. एवढ्याशा संस्थानाच्या राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्ये स्वतःहून सत्ता प्रजेच्या हाती दिली, आणि टेकडीवर संग्रहालय बांधून आपली चित्रं लोकांसाठी मांडली. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तुम्हाला तिथे हातभर अंतरावरून बघता येतात. रहिमतपूरमार्गे सकाळी निघा. आधी यमाईचा डोंगर चढून घ्या, ऊन तापलं की संग्रहालयात शिरा. जेवणाचा डबा बरोबर असू द्या.